अदृश्य लहरींची पारख

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर बेल्हे हे गाव आहे. दर सोमवारी तेथे बाजार भरतो. भाजीपाला, धान्य, घोंगड्या, दोरखंड असे नानाविध जिन्नस तेथे विकावयास येतात. परंतु या बाजाराची खरी ख्याती आहे ती बैलांसाठी. तांबडे फुटते न फुटते तोच दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवरून शेतकरी आपली जनावरे घेऊन निघतात. शुभ्र खिल्लार खोंड, थोराड शिंगांचे बैल, गळ्यातील घुंगरमाळांचा नाद आणि दलालांची लगबग यांनी बाजाराचे मैदान गजबजून जाते.

बैल घ्यावयास आलेला शेतकरी मात्र या गजबजाटात आपली बुद्धी हरवून बसत नाही. “बैल अगदी गुणी आहे, औताला तरबेज आहे,” असे विकणाऱ्याने शंभरदा सांगितले, तरी तो आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे मनाशी ठरवतो. पाठीवरून हात फिरवतो, खूर निरखतो, चार पावले चालवून पाहतो. त्याचप्रमाणे, “हा बैल मारका आहे हो!” असे कोणी कानाशी कुजबुजले, तरी तेवढ्यावरून तो पाठ फिरवत नाही. स्तुती असो वा निंदा असो, पारखल्यावाचून ती स्वीकारावयाची नाही, हा बाजाराचा शहाणपणा आहे.

आता या बाजारात आणखी एक नाद ऐकू येतो. तो असतो मोबाइल फोनचा. पूर्वी बाजारातून घरी निरोप धाडावयाचा तर गावाकडे जाणारा कोणी माणूस गाठावा लागे. आज शेतकरी सदऱ्याच्या खिशातून फोन काढतो आणि “सौदा झाला, टेंपो पाठव,” असे सांगून मोकळा होतो. भारतात मोबाइल फोनवरील पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत हे यंत्र शहरातून खेड्यात आणि खेड्यातून शेताच्या बांधावर येऊन पोहोचले. त्याच्या पाठोपाठ गावोगावी उंच लोखंडी टॉवर उभे राहिले, आणि त्या टॉवरांबरोबर एक शंकाही उभी राहिली.

कोणी म्हणतो, “या टॉवरातून किरण बाहेर पडतात. त्यांनी डोके दुखते, झोप उडते, कर्करोगही होतो.” दुसरा म्हणतो, “हे सारे थोतांड आहे. फोन उशाशी घेऊन झोपा; काही होत नाही.” दोघेही मोठ्या आवाजात बोलतात. दोघांपैकी कोणीही बैलाचे दात पाहिलेले नसतात! अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे? बाजारातील शेतकरी जे करतो, तेच. आधी पारख करावी, मग मत बनवावे.

या लहरींची पारख शिकण्यास जुन्नर तालुक्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. नारायणगावाजवळच्या आर्वी येथे 1971 साली भारतातील पहिले व्यापारी उपग्रह-संदेश केंद्र सुरू झाले. थोर शास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांचे नाव त्यास देण्यात आले. सुमारे 30 मीटर व्यासाची तेथील प्रचंड तबकडी आकाशातील उपग्रहाकडे तोंड करून संदेश धाडू लागली आणि समुद्रापलीकडच्या देशांशी भारताचे बोलणे सुलभ झाले. याच नारायणगावाच्या पूर्वेस, बेल्ह्यापासून काही कोसांवर, खोडद हे गाव आहे. तेथे डॉ. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली गेली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या मिळून ही एक दुर्बीण बनते. त्यांपैकी 14 तबकड्या खोडदजवळ एकवटलेल्या आहेत; उरलेल्या 16 तबकड्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या आहेत. 2001 साली ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र तिचा कारभार पाहते.

आर्वीची तबकडी आणि खोडदच्या तबकड्या दुरून पाहणाऱ्याला एकाच जातीच्या वाटतात. परंतु त्यांच्या कामात मोठा भेद आहे. आर्वीच्या तबकडीने आकाशाकडे हाक मारली आणि उलट आलेली हाकही ऐकली. खोडदच्या तबकड्या केवळ ऐकतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी दूरच्या तारकाविश्वांतून निघालेल्या क्षीण रेडिओ-लहरी त्या गोळा करतात. स्वतः मात्र आकाशात काहीही धाडत नाहीत. तेव्हा खोडदच्या तबकड्यांतून किरण निघत असतील, अशी भीती बाळगणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय. पारखीचा पहिला धडा येथेच मिळतो. वस्तूचे रूप पाहून तिचे कार्य ठरवू नये.

या रेडिओ-लहरी म्हणजे तरी काय? शांत विहिरीत खडा टाकला असता पाण्यावर तरंग उठतात आणि वर्तुळाकार पसरत काठाला पोहोचतात. वीज आणि चुंबकत्व यांचेही असेच तरंग अवकाशात पसरू शकतात, हे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने 1865 साली गणिताच्या आधारे सांगितले. पुढे हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1887-88 च्या सुमारास प्रयोगशाळेत ते प्रत्यक्ष निर्माण करून दाखविले. 1895 साली आपल्या देशात, कलकत्त्यास, जगदीशचंद्र बोस यांनी अशा अदृश्य लहरी भिंतीच्या आरपार पाठवून पलीकडची घंटा वाजविली. सारे लोक थक्क झाले. आज खिशातील फोनची घंटा वाजते, तिचे मूळ अशा प्रयोगांत आहे.

या लहरींचे कुटुंब फार मोठे आहे. बाजाच्या पेटीवर जसे खर्जातील स्वर असतात, मधले असतात आणि अगदी चढे असतात, तसेच या लहरींचेही आहे. रेडिओ, दूरचित्रवाणी, मोबाइल फोन आणि घरातील वायफाय यांच्या लहरी खर्जातल्या. त्यांच्यावरच्या पट्टीत उष्णतेच्या लहरी येतात. त्यानंतर आपल्याला दिसणारा प्रकाश येतो. प्रकाशाच्या पलीकडे अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण हे अतिशय चढे स्वर लागतात. मोबाइलची एक नेहमीची लहर एका सेकंदात सुमारे 90 कोटी वेळा कंप पावते. हा आकडा प्रचंड वाटतो. परंतु प्रकाशाची लहर त्याच एका सेकंदात सुमारे 500 लाख कोटी वेळा कंप पावते. म्हणजे मोबाइलच्या लहरीची पट्टी साध्या दिव्याच्या प्रकाशापेक्षाही कितीतरी खालची आहे.

पट्टीला इतके महत्त्व का द्यावयाचे? कारण लहरीतील ऊर्जा जणू लहान लहान पुड्या बांधून येते, आणि पट्टी जितकी चढी तितकी प्रत्येक पुडी जबर असते. क्ष-किरणांची एकेक पुडी इतकी जबर असते, की ती शरीरातील अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावते, पेशीतील नाजूक रचना मोडते आणि त्यामुळे कालांतराने कर्करोगही होऊ शकतो. मोबाइलच्या लहरीची पुडी प्रकाशाच्या पुडीहूनही लाखो पटींनी दुर्बळ असते. पिंजलेल्या कापसाचे हजार बोळे भिंतीवर मारले, तरी तिचा चिरा हलत नाही. पहारीचा एकच घाव मात्र तो निखळवू शकतो. क्ष-किरण पहारीसारखे आहेत. मोबाइलच्या लहरी कापसाच्या बोळ्यांसारख्या आहेत.

तरीही ‘किरण’ हा शब्द ऐकताच लोकांच्या मनात धडकी भरते, याला कारण आहे. 1895 साली राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा त्यांचे घातक रूप कोणालाच ठाऊक नव्हते. अनेकांनी ते उघड्या हातांनी हाताळले आणि त्यांच्या हातांना असाध्य जखमा झाल्या. रेडियमचा शोध लावणाऱ्या मादाम मेरी क्यूरी आयुष्यभर किरणोत्सर्गी द्रव्यांच्या सान्निध्यात राहिल्या. 1934 साली त्या रक्ताच्या विकाराने मरण पावल्या. एवढी किंमत मोजून मानवाने हा धडा घेतला. दुधाने तोंड पोळले की मनुष्य ताकही फुंकून पितो. रेडिओ-लहरींविषयीची भीती काही अंशी अशीच आहे. त्या भीतीला हसू नये. परंतु दूध आणि ताक एकच आहे, असेही मानू नये.

मग मोबाइलच्या लहरी शरीरावर काहीच परिणाम करीत नाहीत काय? करतात. त्यांचा निश्चित सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. पुष्कळ शक्तीच्या अशा लहरी एखाद्या पदार्थावर सोडल्या, तर तो तापतो. कित्येक शहरी घरांतील मायक्रोवेव्ह भट्टी याच तत्त्वावर अन्न गरम करते. परंतु त्या भट्टीत बंद लोखंडी पेटीच्या आत 700 ते 1000 वॉट शक्ती वापरली जाते. आजचा मोबाइल फोन बोलताना फार तर पाव वॉटच्या आसपास शक्ती बाहेर टाकतो, आणि बहुतेक वेळा त्याहूनही कमी. शरीरात रक्त सतत खेळत असते, त्यामुळे एवढीशी ऊब सहज वाहून नेली जाते. बराच वेळ बोलल्यावर कान गरम लागतो खरा. पण त्यातील पुष्कळ उष्णता फोनच्या बॅटरीची आणि कानावर दाबून धरलेल्या काचेची असते.

येथे अंतराचाही विचार केला पाहिजे. हिवाळ्यातील पहाटे बाजारात शेकोटी पेटते. शेकोटीच्या अगदी जवळ बसलेल्याचे गुडघे पोळतात. चार हात दूर बसलेल्याला सुखद ऊब मिळते. चाळीस हातांवरच्या माणसाला मात्र कुडकुडावे लागते. शेकोटी तीच, जाळ तोच. फरक फक्त अंतराचा. लहरींचेही तसेच आहे. उगमापासूनचे अंतर दहापट झाले, की त्यांचा जोर शंभर पटींनी कमी होतो. टॉवरचा उगम जोरकस असला, तरी तो उंचावर आणि दूर असतो, आणि त्याच्या लहरींचा मुख्य झोत जवळजवळ आडवा, क्षितिजाकडे जातो. कानाशी धरलेला फोन दुर्बळ असला, तरी तो शरीराला अगदी चिकटलेला असतो. यास्तव मनुष्याच्या डोक्याला टॉवरपेक्षा स्वतःच्या हातातील फोनपासूनच बहुधा अधिक लहरी मिळतात.

याहून आश्चर्याची एक गोष्ट आहे. टॉवर दूर असेल, मध्ये डोंगर असेल, लोकांच्या भाषेत ‘रेंज’ नसेल, तर फोनला टॉवरपर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो. दरीच्या पलीकडील माणसाला आपण मोठ्याने हाक मारतो, तसेच हे आहे. टॉवर जवळ असला म्हणजे फोन हळू आवाजात बोलतो. म्हणजे गावापासून टॉवर फार दूर हटविला, तर काही वेळा कानाशी असलेल्या फोनच्या लहरी कमी न होता वाढतात! तथापि टॉवरवर चढणे किंवा त्याच्या अँटेनाच्या अगदी समोर उभे राहणे हे मात्र खरोखर धोक्याचे आहे. तेथे प्रशिक्षित कामगारही योग्य ती खबरदारी घेऊनच जातात.

आता कर्करोगाचा प्रश्न. हा प्रश्न शास्त्रज्ञांनी हसण्यावारी नेलेला नाही. मुंबईत घरांच्या गच्च्यांवर टॉवर उभे राहू लागले, तेव्हा नागरिकांनी शंका उपस्थित केल्या. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी 2010 साली शासनाच्या दूरसंचार विभागाला अहवाल सादर करून धोक्याचा इशारा दिला. अनेक शास्त्रज्ञांना त्यांची मते मान्य झाली नाहीत. परंतु प्रश्न चर्चेत आला. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले. हे ऐकून पुष्कळांची घाबरगुंडी उडाली. वस्तुतः हा गट धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. पुरावा किती पक्का आहे, एवढेच सांगतो. ‘कदाचित’ याचा अर्थ असा, की काही संशोधनांत शंकेला जागा सापडली आहे, परंतु ती सिद्ध झालेली नाही. कोरफडीच्या अखंड पानाचा अर्कही याच गटात आहे. तंबाखू मात्र ‘निश्चित कर्करोगकारक’ या गटात आहे. जो गृहस्थ तंबाखू मळता मळता टॉवरकडे बोट दाखवून कर्करोगाची भीती व्यक्त करतो, त्याने हा भेद अवश्य ध्यानात घ्यावा.

शंकेचा सोक्षमोक्ष लावणे मात्र सोपे नव्हते. कर्करोग जडण्यास पुष्कळ वर्षे लागतात. शिवाय मेंदूत गाठ झालेल्या रुग्णाला, “दहा वर्षांपूर्वी आपण फोनवर रोज किती वेळ बोलत होता?” असे विचारले, तर त्याचे उत्तर बिनचूक कसे असणार? दुखण्याने पीडलेला मनुष्य कारण शोधीत असतो. नकळत तो आकडा वाढवूनही सांगतो. 13 देशांत झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हीच अडचण आली. एकंदरीत फोन वापरणाऱ्यांत गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. मात्र सर्वांत अधिक बोलणाऱ्या लोकांच्या छोट्या गटात थोडी वाढ भासली. ती वाढ खरी की स्मरणाची चूक, हे त्या पाहणीवरून ठरविता आले नाही.

म्हणून संशोधक थांबले नाहीत. इंग्लंडमध्ये सुमारे पावणेआठ लाख स्त्रियांची माहिती आधीच नोंदवून घेऊन वर्षानुवर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, फोन वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांत मेंदूच्या गाठींचे प्रमाण सारखेच आढळले. मुलांविषयी स्वतंत्र चौकशी आवश्यक होती. कारण मुलांचे डोके लहान, कवटी पातळ आणि पुढचे आयुष्य दीर्घ. 10 ते 24 वर्षे वयाच्या मुलांची व तरुणांची अशी पाहणी 14 देशांत झाली. भारतही त्या देशांत होता. त्या पाहणीतही फोनमुळे मेंदूच्या गाठी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून जगभरच्या 63 अभ्यासांची एकत्र छाननी करण्यात आली. दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कर्करोगाची वाढ दिसत नाही, असे त्या छाननीतून निघाले.

विरुद्ध बाजूचा पुरावाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमेरिकेत उंदीरवर्गातील प्राण्यांना रोज नऊ तास, सुमारे दोन वर्षे, संपूर्ण शरीरावर तीव्र लहरी देऊन पाहण्यात आले. 2018 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत काही नर प्राण्यांच्या हृदयात गाठी आढळल्या. परंतु गंमत अशी, की लहरी मिळालेले नर, न मिळालेल्या नरांपेक्षा अधिक दिवस जगले! असा निकाल मनुष्याच्या रोजच्या वापराला जसाच्या तसा लागू करता येत नाही. शास्त्र “कदापि धोका नाही” अशी शपथ घेत नाही. “एवढे शोधले, एवढे मोजले, धोका दिसला नाही, शोध चालू आहे,” असे ते नम्रपणे सांगते. हीच त्याची सचोटी होय.

शोध चालू असताना सावधगिरी म्हणून नियमही केले गेले. ज्या मात्रेला प्रयोगातील प्राण्यांवर परिणाम दिसू लागला, तिच्या पन्नासाव्या भागाहून अधिक लहरी सामान्य माणसाच्या शरीरात शोषल्या जाऊ नयेत, या हिशेबाने आंतरराष्ट्रीय मर्यादा आखलेली आहे. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरांसाठी त्या मर्यादेचाही दहावा हिस्सा ठरवून दिला. मोबाइलच्या 90 कोटी कंपनांच्या लहरींसाठी ती मात्रा एका चौरस मीटरला 0.45 वॉट इतकी होते. भर दुपारच्या उन्हात त्याच चौरस मीटरवर सूर्य सुमारे 1000 वॉट ओततो! त्याच दिवसापासून फोनसाठीही नियम लागू झाला. शरीराच्या एका किलोग्रॅमला 1.6 वॉट या प्रमाणाहून अधिक ऊर्जा शोषली जाईल, असा फोन भारतात विकता येत नाही.

एवढी पारख झाल्यावर शहाण्या माणसाने कसे वागावे? विनाकारण बाऊ करू नये आणि योग्य त्या सावधगिरीकडे कानाडोळाही करू नये. बोलणे लांबणार असेल तर फोन कानापासून थोडा दूर धरावा, किंवा कानातील तारेचा उपयोग करावा. शेकोटीचा नियम येथेही लागू पडतो. रेंज अगदी कमी असताना लांबलचक गप्पा टाळाव्यात. रात्री फोन उशाशी ठेवू नये. लहरींची भीती बाजूस ठेवली, तरी चमकणारा पडदा आणि वारंवार वाजणारी घंटा झोप मोडते, हे निश्चित आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, रस्त्याने चालताना, रस्ता ओलांडताना आणि वाहन चालविताना फोनकडे पाहू नये. अदृश्य लहरींनी कोणाला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. फोनमध्ये गुंतलेले लक्ष मात्र दरवर्षी अनेकांचा बळी घेते. जो धोका डोळ्यांसमोर आहे तो न पाहता, न दिसणाऱ्या धोक्याच्या मागे धावणे ही पारख नव्हे.

दरवर्षी 28 फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदच्या दुर्बिणीची दारे सर्वांसाठी उघडली जातात. परिसरातील शाळांचे विद्यार्थी आपण केलेले प्रयोग तेथे मांडतात. प्रवेश करणाऱ्यांना मोबाइल फोन बंद ठेवण्याची विनंती केली जाते. एखाद्या अजाण माणसाला वाटावे, की येथे फोनपासून जिवाला धोका असेल! खरा प्रकार अगदी उलटा आहे. फोनच्या लहरी माणसाच्या शरीराला जाणवतही नाहीत. परंतु अब्जावधी कोसांवरून येणारी ताऱ्यांची कुजबुज ऐकणाऱ्या त्या तबकड्यांना मात्र त्या कर्कश ढोलासारख्या वाटतात. चंद्रावर कोणी एक मोबाइल फोन चालू करून ठेवला, तर या दुर्बिणीला तो आकाशातील अतितेजस्वी उगमांपैकी एक दिसेल. तीच लहर, तोच फोन. एका ठिकाणी ती नगण्य, दुसऱ्या ठिकाणी प्रचंड. म्हणून केवळ ‘लहर आहे’ एवढे कळून भागत नाही. ती कोणत्या जातीची? किती जोराची? किती अंतरावरून येणारी? किती वेळ आणि कोणावर पडणारी? हे प्रश्न विचारल्यावरच खरे उत्तर हाती लागते.

सोमवारी दिवस कलू लागला, की बेल्ह्याच्या बाजारातील गर्दी ओसरू लागते. ज्याने बैलाचे दात पाहिले, चाल पाहिली आणि मगच पैसे मोजले, तो शेतकरी समाधानाने नवी जोडी घेऊन घराकडे वळतो. त्याच्या खिशात फोन वाजतो. तो जोडीला रस्त्याच्या कडेला उभी करतो, दोन शब्द बोलतो, फोन खिशात ठेवतो आणि मग पुढे चालू लागतो. दूर खोडदच्या बाजूस त्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून निःशब्द उभ्या असतात. रस्त्यावरचा तो शेतकरी आणि त्या तबकड्यांपाशी बसलेला शास्त्रज्ञ यांचा व्यवसाय वेगळा, विद्या वेगळी. पण दोघांचा नियम एकच. ऐकीव गोष्टीवर जाऊ नये, पारखून घ्यावे.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेल्ह्याच्या बाजाराची ख्याती कशासाठी आहे?
(आ) आर्वी येथील केंद्र कोणत्या साली सुरू झाले?
(इ) खोडदच्या दुर्बिणीत एकूण किती तबकड्या आहेत?
(ई) मोबाइलच्या लहरींचा शरीरावर निश्चित सिद्ध झालेला परिणाम कोणता?

2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बैल विकत घेताना शेतकरी कोणकोणत्या गोष्टी पाहतो? त्याच्या या वागण्याचा पाठातील विषयाशी संबंध काय?
(आ) क्ष-किरण आणि मोबाइलच्या लहरी यांतील भेद पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
(इ) ‘कदाचित कर्करोगकारक’ या शब्दांचा नेमका अर्थ काय?

3. कारणे द्या.
(अ) खोडदच्या तबकड्यांना भिण्याचे कारण नाही.
(आ) रेंज कमी असताना फोनवर फार वेळ बोलू नये.
(इ) खोडद येथे फोन बंद ठेवण्यास सांगतात.

4. पुढील वाक्प्रचारांचा व म्हणींचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
बाऊ करणे, कानाडोळा करणे, सोक्षमोक्ष लावणे, साप साप म्हणून भुई धोपटणे, दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पिणे.

5. उपक्रम.
अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश भिंतीवर एक हात, दोन हात आणि चार हात अंतरावरून पाडा. प्रकाशाच्या वर्तुळाचा आकार आणि तेज यांत काय फरक पडतो, ते वहीत लिहा. पाठातील शेकोटीच्या उदाहरणाशी त्याची तुलना करा.

6. आपल्या गावात ऐकलेली एखादी भीतीची किंवा चमत्काराची गोष्ट निवडा. ती खरी की खोटी हे ठरविण्यासाठी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल, ते दहा ओळींत लिहा.